पाठीवरचा तिसरा हात

प्रिय पैलवान,

प्रारंभी साष्टांग नमस्कार लिहिण्याचा विचार होता. परंतु तुझ्यासमोर साष्टांग पालथे पडल्यावर मनुष्याचे काय होते याचा अनुभव अद्याप ताजा असल्यामुळे उभ्या उभ्याच नमस्कार करतो, तो गोड मानून घ्यावा. माझी प्रकृती ठीक आहे. दुकान ठीक आहे. तुझा चष्माही ठीक आहे, म्हणजे त्याची डावी काडी निखळलेली असून तो माझ्या खणात मऊ फडक्यावर विश्रांती घेत पडला आहे. ‘चष्मा कधी देतोस रे, मला उशी आणि मांजर यांतला फरक कळेना झालाय,’ असे निरोप तू वारंवार धाडलेस, आणि प्रत्येक वेळी मी कळवले की त्या जातीचा स्क्रू बाजारात मिळत नाही. तो स्क्रू माझ्याकडे वाटीभर आहे. हे मी निःसंकोचपणे लिहितो, कारण आपल्या मैत्रीत असत्यकथनाचा शुभारंभ माझ्या हस्ते झालेला नाही.

तुझा हा व्यवसाय जन्मास कसा आला ते तुला स्मरते काय? उमेदीची सारी वर्षे तू फुटबॉल संघाच्या पोटऱ्या चोळण्यात वेचलीस. मग संघाने एक घरघरणारे यंत्र विकत आणले आणि तुला नारळ दिला. तू त्या किल्लीवाल्याच्या दुकानावरची खोली घेतलीस, चेहऱ्यासाठी भोक असलेले ते उंच टेबल मांडलेस आणि दाराकडे टक लावून बसलास. गिऱ्हाईक येई, पाठ रगडून घेई, बरे होई आणि पुन्हा तोंड दाखवत नसे. ‘भिंगशास्त्री, माणसं बरी होतात ना, तिथंच माझं सगळं बोंबलतं,’ असे तू काकुळतीने म्हणालास. तेव्हा अस्मादिकांनीच तुला उपदेश केला की मर्त्य मानवाच्या पाठीत नुसते स्नायू असले तर तो एकदा येतो, चक्रे असली तर तो नित्य येतो. मूलाधारापासून सहस्रारापर्यंत सातही नावे मी तुझ्याकडून घोकून घेतली. ‘स्वाधिष्ठान’ या शब्दापाशी तुझी जीभ अंधारात उंबऱ्याला ठेच लागावी तशी दर वेळी धडपडे. सात वर्तुळांचा तक्ता मी स्वहस्ते रंगवला. अनाहताचा उरलेला हिरवा रंग माझ्या दुकानाच्या दाराला आजही आहे. पाहता पाहता तू असा तयार झालास की ‘साहेब, तुमचं मणिपूर पार जाम झालंय,’ हे वाक्य तू गाडीखालून बाहेर आलेल्या गॅरेजवाल्याच्या सुरात उच्चारू लागलास, आणि बँकेतले अधिकारी मान हलवत ‘किती दिवस लागतील?’ असे विचारू लागले.

तत्त्वज्ञान माझे, म्हणजे अर्थातच उसने आणि रंगवलेले. नियम मात्र तुझे होते, आणि ते अस्सल होते. पहिला नियम असा की एकदा पाठीला हात लागला की तो शेवटपर्यंत सुटता कामा नये. तेलाची बाटली घ्यायची असो, बाजू बदलायची असो, एक तळवा अंगावर राहिलाच पाहिजे. ‘हात सुटला की माणूस एकटा पडतो,’ असे तू म्हणायचास, आणि हे वाक्य मी तुला शिकवलेले नव्हते. दुसरा नियम, पालथ्या माणसाला काही विचारायचे नाही. त्याला बोलायचे असेल तर तो बोलेल. तिसरा नियम, टेबलावर बोललेले टेबलालाच माहीत. या तीन नियमांच्या भरवशावर गावातली अर्धी गुपिते तुझ्या त्या भोकातून जमिनीवर सांडली आहेत आणि तू ती फडक्याने पुसून टाकली आहेस, अशी माझी निस्सीम श्रद्धा होती. चक्रांवर माझा विश्वास नाही. ती मी रंगवलेली आहेत, रंग सुकताना मी त्यांवर फुंकर घातलेली आहे. विश्वास होता तो तुझ्यावर. गुरुवारी दुपारी दुकानाला कुलूप लावून मी तुझा जिना चढायचो. कमरेपासून तुझे हात वर सरकत आले, मानेच्या मुळाशी, म्हणजे आपल्या शास्त्रानुसार विशुद्ध चक्रापाशी, तुझा तो चेंडू लागून वाकडा झालेला अंगठा टेकला, की माझी वाचा सुटायची. एरवी मी पुष्कळ बोलतो हे जगजाहीर आहे. पण खरे असे मी तिथेच बोलायचो.

आणि बोलायचो कुणाविषयी? आमच्या भिंगरीविषयी. तिची आई गेल्यावर ती दुकानातच वाढली. इतर मुली बाहुल्यांचे केस विंचरत असताना ती फ्रेमी पुसत बसे. माझ्या चिठ्ठीवरचा नंबर वाचून नेमके भिंग खणातून काढून देई. शिक्षण संपवून ती आली तेव्हा मी पाटी नव्याने रंगवून घेतली आणि माझ्या नावापुढे ‘आणि कन्या’ हे शब्द घातले. दुसरी खुर्ची आणली. ती त्या खुर्चीवर फार काळ बसली नाही. दूरच्या शहरात भिंगांचा मोठा कारखाना आहे, तिथे काम शिकायचे आहे, असे तिने सांगितले, आणि मी तिला सुमारे दीड तासाच्या भाषणानंतर सहर्ष निरोप दिला. तेव्हापासून दर रविवारी तिचा फोन येतो. काचेवर चढवायचे मुलामे, कडा घासायच्या तऱ्हा, वक्रतेतला केसाएवढा फरक, काय काय सांगते! पाठीमागून यंत्राची कर्कश किरकिर ऐकू येई आणि मी कान तृप्त करून घेई. दुसऱ्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ही सगळी विद्या मी माझ्या पदरची भर घालून ऐकवी. ‘तुमची मुलगी फार पुढे जाणार हो,’ असे लोक म्हणत, आणि मी विनयाने मान खाली घालून आणखी थोडे सांगे.

याच काळात माझ्या डाव्या डोळ्याने असहकार पुकारला. चष्मेवाल्याला स्वतःचा डोळा तपासता येत नाही, ही आमच्या धंद्यातली मोठी विटंबना आहे. माझा अक्षरांचा तक्ता मला इतका पाठ आहे की डोळे मिटूनही मी तो खालच्या ओळीपर्यंत बिनचूक म्हणेन. त्यामुळे स्वतःच्या परीक्षेत मी नेहमी पहिल्या वर्गात उत्तीर्ण होत आलो. संशय आला तो दाराच्या चौकटीमुळे. उजवा डोळा झाकला की सरळ चौकट मध्येच पोट सुटल्यासारखी फुगे, आणि समोरच्या माणसाच्या चेहऱ्याच्या ठिकाणी नुसता एक धुरकट डाग उरे. डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी सांगितले की गेलेले परत येणार नाही, राहिलेले इंजेक्शनांनी राखता येईल, दुसऱ्या डोळ्यावर लक्ष ठेवा. हे मी या भूतलावर फक्त तुला सांगितले, पालथा पडून, विशुद्धापाशी. आणि तुझ्याकडून वचन घेतले की भिंगरीच्या कानावर यातले अक्षर जाता कामा नये. ते कळले तर ती कारखाना सोडून धावत येईल, त्या दुसऱ्या खुर्चीवर बसेल, आणि जन्मभर तिथे माझ्या डोळ्याची बदली कामगार म्हणून राहील. मला मुलगी दुकानात हवी होती. पण दयेपोटी नको होती. तू म्हणालास, ‘माझ्या तोंडून? अरे वेडा की काय! एक शब्द जाणार नाही.’ तुझा अंगठा तेव्हा माझ्या मानेवर होता, आणि तो अजिबात कापला नाही. मल्ल खरा.

पुढे काही गुरुवारांपासून मला नवल वाटू लागले. अनाहताच्या वर, म्हणजे खांद्यांच्या फऱ्यांमध्ये, तुझे हात एकाएकी हलके होत. वाकडा अंगठा कुठे लागेचना. मी भाबडेपणाने म्हणालोही की पैलवान, तुझा हात सुधारला, आता कुठे तू माणसाला माणसासारखा चोळतोस. त्यावर वरून नव्हे, जरा बाजूने तुझा आवाज आला, ‘नवीन तेल आहे रे.’ मी समाधान पावलो. तिकडे वहिनींनी मला जेवायला बोलावणे थांबवले होते. विचारावे तर म्हणत, ‘भाऊजी, रंगकाम चाललंय हो, घरात पाय ठेवायला जागा नाही.’ ऋतू पालटला तरी ते रंगकाम संपेना. मला वाटले, तू राजवाडा रंगवत असशील. इतकी चिन्हे दिसत असताना मला काहीच कसे दिसले नाही, असे तू विचारशील. पैलवान, मी तुमच्याकडे बघतच नव्हतो. आपल्या माणसाकडे डोळा बारीक करून कोण बघतो? ते मी गिऱ्हाइकांसाठी राखून ठेवतो.

आता त्या गुरुवारकडे येतो. तुझे हात वर आले, फऱ्यांपाशी हलके झाले, मानेच्या मुळाशी पोचले. आणि तू, ज्याने आजवर पालथ्या माणसाला वेळसुद्धा विचारली नाही, तू स्पष्ट, खणखणीत आवाजात विचारलेस, ‘काय रे, डाव्या डोळ्याचं काय म्हणाल्या डॉक्टरीणबाई?’ मला खटकले. तरी मी बोललो, कारण सवय वाईट असते. डाग वाढल्याचे सांगितले. गिऱ्हाइकाला चष्मा चढवल्यावर ‘आता कसं दिसतंय?’ असे विचारताना माझ्या डाव्या डोळ्याला त्याचा चेहरा मुळीच दिसत नाही, हे सांगितले. पुढच्या खेपेस भिंगरी घरी येईल तेव्हा तिला संशय येऊ नये म्हणून खोलीतल्या डाव्या बाजूच्या वस्तू कुठे आहेत ते पाठ करून ठेवतो आहे, हेही सांगितले. आणि माझ्या मानेवरचा हात थांबला. मानेवरून सुटला नाही, नियम पाळला गेला. पण थांबला, जसा चालता चालता माणूस रस्त्यात थांबतो. त्याच क्षणी खोलीच्या दुसऱ्या टोकाला, नळापाशी, तू शिंकलास.

तुझी शिंक मी ओळखतो. ती ऐकून खाली किल्लीवाला ‘आयुष्मान भव’ असे ओरडतो, त्या दिवशीही ओरडला. शिंकेबरोबर काहीतरी फरशीवर आपटले. तो तुझा चष्मा. परंतु पैलवान, तू नळापाशी होतास आणि माझ्या मानेवर दोन्ही तळवे जागच्या जागी होते. मी शास्त्रोक्त गणित केले. ईश्वराने तुला दोनच हात दिले आहेत, आणि ते नळापाशी तुझे नाक पुसत होते. मी डोळे उघडले. टेबलाच्या भोकातून मनुष्याला फरशीचा एक चतकोर दिसतो, तेवढाच. त्या चतकोरात दोन अनवाणी पाय होते. उजव्या पायाचे दुसरे बोट अंगठ्यावर चढून बसलेले, शेजाऱ्याच्या ओट्यावर हक्काने बसावे तसे. ते बोट आमच्या घराण्याची एकमेव वडिलोपार्जित मिळकत आहे. माझ्या वडिलांकडे होते, माझ्याकडे आहे, आणि ती जन्मली तेव्हा सुईणीने दुपटे बाजूला सारून मला पहिल्यांदा तेच दाखवले होते. खात्री करावी म्हणून मी डावा डोळा मिटला. उजव्याला ते बोट स्वच्छ दिसले.

तू परत आलास, तुम्ही दोघांनी हातावर हात ठेवून हात बदललेत, वाकडा अंगठा पुन्हा मानेवर आला, सहस्रारापर्यंत सर्व विधी यथासांग पार पडला. मी उठलो, सदरा घातला, पाणी प्यालो. पडद्यामागे कुणीतरी श्वास रोखून उभे होते आणि मी त्या पडद्याला पाठ करून बटणे लावत होतो. तू तोंडावर लोण्यासारखे निर्मळ हसू आणून तो मोडका चष्मा माझ्या हातात दिलास, ‘भिंगशास्त्री, एवढं बघ रे जरा.’ मी म्हणालो, बघतो. जिना उतरताना किल्लीवाल्याच्या यंत्रावर पितळ घासले जात होते. तीच कर्कश किरकिर. दर रविवारी फोनवर जी ऐकून मी कान तृप्त करून घेत होतो, ती. मी शेवटच्या पायरीवर बराच वेळ उभा राहिलो. किल्लीवाल्याने विचारले, ‘काय काका, गुडघा धरला का?’ मी हो म्हणालो.

त्यानंतर मी आलो नाही. कंबर उत्तम आहे असे कळवत राहिलो. रविवारचे फोन चालू आहेत. कारखान्याची हकीकत पूर्ववत येते. फक्त आता मधूनच ती विचारते, ‘बाबा, उजेड पुरतो ना दुकानात? आणि स्वतःचे डोळे तपासून घेता ना?’ मी म्हणतो, तक्ता पाठ आहे. ती हसते. दोघेही एकमेकांना उत्तम फसवतो. ही कला तिने कुणाकडून उचलली हा वादाचा विषय होऊ शकेल, पण या पत्रात नको.

तुझा बचाव मला अक्षरशः ऐकू येतो. ‘मी कुठं काय बोललो? तिचं गुपित तुला सांगितलं नाही, तुझं तिला सांगितलं नाही. दोघांनी मला शपथ घातली होती, दोन्ही शपथा पाळल्या.’ खरे आहे. तू तोंड उघडले ते फक्त एक प्रश्न विचारण्यापुरते आणि शिंकण्यापुरते. पण पैलवान, मी पालथा होतो. पालथ्या माणसाला मागे कोण उभे आहे ते दिसत नाही, म्हणून तर ते तुझे तीन नियम होते. माझी लेक अंग चोळण्याचे काम शिकते आहे याचे मला दुःख नाही. फार तर मी आणखी दीड तासाचे भाषण दिले असते आणि नंतर तिच्यासाठीही एक तक्ता रंगवला असता. दुःख याचे आहे की गावात ती माझ्यापासून हाकेच्या अंतरावर होती, तुमच्या घरात जेवत होती, वहिनींचे ते अक्षय रंगकाम तिच्या पानाभोवती चालले होते, आणि मी सोमवारी लोकांना मुलाम्यांविषयी व्याख्याने देत होतो. तुम्ही तिघांनी मिळून मला एका नसलेल्या कारखान्याचा अभिमान बाळगायला लावलात. आणि जे दुखणे तिला मी कधीतरी माझ्या शब्दांत, सुलटा बसून, चहा पिता पिता, दोनचार विनोद पेरून सांगितले असते, ते तू माझ्याकडून असे सांगवलेस की मला तिचा चेहराही बघता आला नाही. आता एका डोळ्याने किती चेहरे बघायचे शिल्लक आहेत, ते मोजायला मी बसलेलो नाही. पण तो एक माझ्या वाट्याचा होता.

इतके सविस्तर का लिहिले, ते आता सांगतो. चष्म्याशिवाय तुला हस्ताक्षर वाचता येत नाही, आणि चष्मा माझ्या खणात आहे. वहिनींची दृष्टी चांगली आहे. पण मुंगी शाईत पडून कागदावरून घरी गेली की माझे अक्षर होते, हे त्यांचे मत जुने आहे, त्या दुसऱ्या ओळीतच हात टेकतील. माझे हे अक्षर न अडखळता वाचणारी व्यक्ती जगात एकच आहे. चिठ्ठीवरचे नंबर वाचत ती मोठी झाली. तेव्हा या क्षणी हे पत्र तुला मोठ्याने कोण वाचून दाखवते आहे, आणि तू पाय सोडून ऐकत बसलेला कुठे बघावे ते न कळून तक्त्याकडे बघतो आहेस, हे मला इथून दिसते. मी तिला एक शब्दही सांगितलेला नाही हो. मी फक्त तुला पत्र लिहिले. भिंगरे, थांबू नकोस, पुढे वाच; हात सुटू द्यायचा नसतो, तसा आवाजही नाही. तुझे हात तुझ्या गुरूपेक्षा चांगले आहेत. हे मी रागात असताना सांगतो आहे म्हणून खरे मान. आणि राग आहे, सात चक्रांत मावणारा नाही. माझ्या डोळ्यासाठी परत येऊ नकोस. त्या खुर्चीवर गिऱ्हाइके आपल्या पिशव्या ठेवतात, तिचे बरे चालले आहे. मात्र तुझ्या गुरूला चष्मा हवा असेल, तर तो न्यायला तू ये. काडी मी तू येईपर्यंत बसवून ठेवतो. हिरव्या दाराने, भर दुपारी, चपला वाजवत ये, आणि माझ्यासमोर जरा उजवीकडे उभी राहा. त्या बाजूने मला अजून स्वच्छ दिसते.

तुझाच,
बाबा